डबा वाजत होता

पहिली लाथ डब्याला बसली. दुसरी आत्याला.

डबा तेलाचा होता. पत्र्याचा, रिकामा. तो व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून आपटत खाली गटारीत जाऊन पडला. आत्या जागच्या जागी कुशीवर कलंडली आणि तिच्या मांडीवरची माझी पोरगी फरशीवर आदळली. हे सगळं मी परीक्षेच्या हॉलमध्ये बसून, खिडकीच्या गजांतून बघत होते. माझ्या हातात पेन होतं. समोर एम.ए.चा पेपर होता. आणि लाथा घालणारा माणूस वर्षभर आम्हाला कामगारांचं अर्थशास्त्र शिकवत होता.

"आ कॉलेज छे, ढेडवाडो नथी."

एवढंच बोलले सर. हे कॉलेज आहे, महारवाडा नाही. सुरतेत वाढलेल्या आमच्या माणसाला हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. शाळेत, नळावर, भाड्याची खोली शोधताना तो कुणाच्या ना कुणाच्या तोंडातून येतोच. पण तो शब्द आणि बूट दोन्ही एकदम आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

आत्या म्हणजे माझी सासू. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. म्हातारी, उजवा डोळा गेलेला, अंगावर मांस म्हणून नाही. पोरगी माझी गौतमी. तिला अजून धड बसताही येत नव्हतं.

हॉलमधली सगळी डोकी खिडकीकडे वळली. मी अर्धी उठले होते. पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाजवळ आल्या आणि म्हणाल्या, बाहेर गेलीस तर परत आत घेणार नाही. तेवढ्यात आत्याने खिडकीकडे तोंड केलं. एक हात बरगडीवर दाबलेला. दुसऱ्या हाताने पोरीला चाचपत होती. तिथूनच ती मला ओरडून म्हणाली,

"ऊठू नको तू. लिख. पोरले मी देखस."

लाथ खाऊन पडलेली बाई तिच्या अहिराणीत मला लिही म्हणत होती. पोरीला मी बघते म्हणत होती. मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर गेले.

गौतमीचा ओठ फाटला होता. रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं आणि तिचा श्वास कोंडला होता. रडूच फुटत नव्हतं. मी तिला उलटी करून पाठीवर थापटलं, तेव्हा कुठे तिने टाहो फोडला. सर बाजूलाच उभे होते. बुटाचं टोक रुमालाने पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तारी परीक्षा पूरी." तुझी परीक्षा संपली.

डबा कशासाठी होता ते आता सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारी वेडी होती.

आमची खोली लिंबायतमध्ये. खोलीची मागची भिंत म्हणजे लूमच्या कारखान्याची भिंत. माझा नवरा सुभाष त्याच कारखान्यात माग चालवतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आत्या तिथेच कांड्या भरायची. मागावर जो धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात धाग्याची कांडी बसवावी लागते. त्या कांड्या भरणं हे बायकांचं काम. लग्न होऊन आले आणि मीही तेच करायला लागले. बी.ए. झालेली सून कांड्या भरते म्हणून गल्लीने थोडे दिवस थट्टा केली. मग सवय झाली त्यांना.

धोटा लाकडाचा असतो. दोन्ही टोकांना लोखंड. माग बिघडला की तो धोटा सुटतो आणि समोर जे असेल त्याच्यावर जाऊन आदळतो. आत्याचा डोळा असाच गेला. मी घरात यायच्या बऱ्याच आधी. कांड्यांची टोपली घेऊन दोन मागांमधून जात होती, तेवढ्यात धोटा सुटला. शेठने रिक्षा करून दवाखान्यात पाठवलं, आणि पट्टी सुटायच्या आत निरोप धाडला की कामावर कधी येणार ते सांग, नाहीतर दुसरी बाई ठेवतो. आत्या गेली कामावर. पहिल्याच दिवशी तिने तो धोटा शोधून काढला आणि पदराखाली घालून घरी आणला. शेठने विचारलं नाही. एक धोटा गेला तर त्याला काय फरक पडणार होता.

तो धोटा आमच्या खोलीत फळीवर असायचा. गौतमी झाली तेव्हा आत्याने तो खाली काढला.

आमच्याकडची पोरं शांततेत झोपत नाहीत. झोळी कारखान्यातच बांधलेली असते, आयांचे हात कांड्यांवर आणि पाय झोळीच्या दोरीला. जन्मल्यापासून कानात एकच आवाज, खटखट, खटखट. त्यातच पोरं पितात, त्यातच झोपतात. आठवड्यातून एक दिवस आमच्या भागाची वीज बंद असते. त्या दिवशी माग थांबले की गल्लीभर पोरं जागी होतात आणि एकदम गळा काढतात. बाहेरच्या माणसाला वाटेल, कुणी मेलं की काय. मग दारादारात म्हाताऱ्या बसतात. कुणी ताटावर, कुणी घमेल्यावर, कुणी डब्यावर मागाच्या ठेक्यात ठोकत राहतात. पोरं झोपतात. आमच्या गल्लीची अंगाई म्हणजे तेवढीच.

आत्या डबा मांडीशी घेऊन त्याच धोट्याने ठोकायची. पहिल्या दिवशी त्याच्याशी बोलली होती.

"मना डोया लिधा तू. आते मनी नातले झोपाड."

माझा डोळा घेतलास, आता नातीला झोपव. असं म्हणून ती हसली होती. मला काही हसू आलं नाही.

एम.ए. करायचं हा हट्ट माझा होता, पण रेटा आत्याचा. सुभाषला पटत नव्हतं. बी.ए. झालीस, पुरे झालं, असं त्याचं म्हणणं. आत्या त्याला म्हणाली, माझा एक डोळा गेला, हिचे दोन शाबूत आहेत, वाचू दे तिला. मग ठरलं. सकाळी कॉलेज. दुपारपासून कारखान्यात कांड्या. मी येईपर्यंत पोरगी आत्याकडे. मी आले की आधी पाजायची, मग कामाला बसायची. रातपाळी करून आलेला सुभाष कुरकुर करत भात टाकायचा, पोरीचे कपडे धुवायचा, आणि कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे बघायचा. मी पुस्तक कांडीच्या चरख्याला टेकवून वाचायचे. माझं माहेरही मागांच्याच गल्लीत, त्या खटखटीतच शाळा झाली होती, त्यातच बी.ए. झालं, आता हेही होत होतं. अंगात दूध दाटायचं आणि ब्लाऊज भिजायचा तो कॉलेजात. तेव्हा वही छातीशी धरून बसायचे.

ते सरांनी पाहिलं होतं. पोट दिसायला लागलं होतं तेव्हाही पाहिलं होतं. एकदा भर वर्गात म्हणाले, "सीट पण अनामतनी, ने छोकरुं पण अनामतनुं?" गुजरातेत राखीव जागेला अनामत म्हणतात. जागाही राखीव आणि पोरही राखीव. वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी मुलगीही हसली, मग माझ्याकडे बघून तिने तोंडाला हात लावला. मी खाली मान घालून लिहीत राहिले. त्या दिवशी सर मजुरांच्या बायकांना मिळायच्या बाळंतपणाच्या रजेवर शिकवत होते. मी ते सगळं नीट उतरवून घेतलं. कारखान्यात ती रजा कुणाला माहीत नव्हती.

दुसऱ्या पेपरच्या दिवशी नेमकी आमच्या भागाची वीज बंद होती.

गौतमी बाटली तोंडात धरायची नाही. घरी ठेवली तर खटखट नाही आणि दूधही नाही. आत्या म्हणाली, मी येते. पेपर सुरू व्हायच्या आधी पाज, सुटलीस की परत पाज, मधलं मी बघते. आम्ही तिघी रिक्षाने गेलो. पिशवीत लंगोट, पाण्याची बाटली, धोटा. डबा आत्याच्या काखेत. कॉलेजच्या शिपायाने तिला मागच्या व्हरांड्यात बसू दिलं. तो माणूस भला होता. पुढे त्यालाच सर्वांत जास्त बोलणी बसली.

हॉलमध्ये शांतता होती. मला शांततेत लिहिता येत नाही, हे मला पहिल्या पेपरला कळलं होतं. सगळं येत होतं पण हात चालत नव्हता. दुसऱ्या पेपरलाही तेच. प्रश्न वाचले, सगळे ओळखीचे, पण पेन कागदावर टेकून नुसतं उभं. कान कसला तरी शोध घेत होते. मग बाहेरून खटखट सुरू झाली, आणि माझा हात सुटला. पानं भरत गेली. मला तो आवाज म्हणून ऐकूच आला नाही. घरातलं कुणी घरात वावरतं तेव्हा आपल्याला जेवढं ऐकू येतं, तेवढंच.

आत्यालाही तो आवाज वाटत नव्हता. तिला कुणी सांगितलं होतं की इथे गडबड करायची नाही, आणि तिच्या मते ती गडबड करत नव्हती. उलट पोर रडून गडबड होऊ नये म्हणून ती डबा वाजवत होती. चूक म्हणायची तर आमची ही एवढी. इतरांना त्रास झाला असेल. झालाच असेल. एका मुलीने तक्रार केली, सर त्या दिवशी हॉलचे मुख्य होते, ते बाहेर गेले. तोंड होतं त्यांना. बाई, बंद करा, एवढं म्हणाले असते तर आत्याने हात जोडले असते आणि पोरीला घेऊन फाटकाबाहेर जाऊन बसली असती. त्यांनी तोंड उघडायच्या आधी पाय उचलला. का, ते मला माहीत आहे. तोंड माणसाशी बोलायला असतं.

त्याच दुपारी प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं. माझ्या कडेवर फाटक्या ओठाची पोरगी. बाहेर आत्या गटारीत उतरून डबा काढत होती. प्राचार्य मऊ बोलणारे होते. म्हणाले, लिहिलंस तेवढा पेपर जमा राहील. उरलेले पेपर दे. पण सरांचा अपमान झालाय. उद्या सकाळी दोघींनी येऊन सर्व शिक्षकांसमोर सरांच्या पाया पडायचं आणि माफी मागायची. नाहीतर परीक्षेत गोंधळ घातल्याचं विद्यापीठाला कळवावं लागेल. मग किती वर्षं बसता येणार नाही, ते माझ्या हातात नाही.

सर तिथेच बसले होते. पंख्याखाली. मी विचारलं, "लाथ कोणी मारली?" प्राचार्य म्हणाले, तेच सांगतो बेटा, वाढवू नकोस.

घरी आले तेव्हा सुभाषला सगळं कळलं होतं. कारखान्याच्या शेठलाही कळलं होतं. सुरत मोठी आहे, पण आमच्यासारख्याची तक्रार पोचायला तिथे वेळ लागत नाही. सुभाष पेटलेला होता. मला वाटलं तो सरांवर पेटलाय.

"उद्या जायचं आणि पाया पडायचं. दोघींनी."

"आईला लाथ मारली त्याने तुमच्या."

"मारली. आपल्याला कोण मारत नाही? शेठ मारत नाही? तुला शिक्षण पाहिजे, काम पाहिजे, पोर पाहिजे. मग पाया पड."

मी म्हटलं, "तुम्ही पडा." त्याने जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. वरण ओघळलं. मग हात उचलला. तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत आत्याने त्याचं मनगट धरलं आणि ती स्वतःच कळवळून खाली बसली. बरगडीतून कळ गेली असावी.  सुभाषही खाली बसला आणि गौतमीच्या ओठाला हळद लावायला लागला.  तो भित्रा नाही. चालत्या मागात हात घालणारा माणूस आहे. पण कॉलेज, प्राचार्य, विद्यापीठ असले शब्द आले की त्याचं बळ जायचं. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. राग जास्त.

आत्या म्हणाली, "पाया पडीसन तुनं शिक्षन व्हस ते पडसू मी. मनं काय जास?"

पाया पडून तुझं शिक्षण होत असेल तर पडीन मी, माझं काय जातंय.  खरं सांगते, मला त्या वेळी तिचं म्हणणं पटलं. पेपर उरले होते. अभ्यास झाला होता. डोकं टेकवायचं, उठायचं, विसरायचं. एवढ्यासाठी सगळं घालवू कशाला, असं मीच माझ्या मनाला घोळवून घोळवून सांगितलं.

सकाळी गेलो. सुभाष फाटकाबाहेर थांबला. प्राचार्यांच्या खोलीत भिंतीला लागून शिक्षक उभे होते. काही बाया होत्या, मला शिकवणाऱ्या. सर खुर्चीत. पायात बूट. मी गौतमीला शिपायाकडे दिलं, डबाही त्याच्याजवळ ठेवला. कालचीच पिशवी, धोट्यासकट, माझ्या खांद्याला होती. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पहेलां डोशी."

आधी म्हातारी.

आत्या पुढे झाली. तिने पदर डोक्यावर नीट घेतला. वाकायला गेली आणि थांबली. बरगडी वाकू देत नव्हती. परत प्रयत्न केला. तोंडातून आवाज निघाला, तो तिने दातांनी दाबला. कुणी पुढे आलं नाही. कुणी म्हणालं नाही की राहू द्या. मग ती हळूच खाली बसली. एक हात जमिनीवर टेकवला, दुसरा बरगडीवर, आणि बसल्या बसल्या ती सरांच्या पायाकडे सरकायला लागली. फरशीवरून. लहान पोर सरकतं तशी.

सरांनी पाय पुढे केला. बुटासकट. म्हणाले, "माथुं अडाड."

डोकं टेकव.

मला तेव्हा दिसलं. माझं एम.ए. कुठून जाणार होतं ते दिसलं. ह्या बाईच्या मोडलेल्या बरगडीवरून, तिच्या गेलेल्या डोळ्यावरून ते जाणार होतं, आणि वर जाऊन मी कुठल्या तरी वर्गात कामगारांचं अर्थशास्त्र शिकवणार होते. जिने मला इथवर आणलं तिला ह्या बुटापाशी सोडून. रात्रभर मनाला जे शिकवलं होतं ते सगळं माझ्या घशाशी आलं. शिसारी आली मला. त्यांचीच नाही, माझीही.

मी आत्याच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "आत्या, उठा. पाया पडायचं नाही."

सर उठले. काही तरी घाण बोलले, ते इथे लिहीत नाही. माझ्या अंगावर हात उगारून आले. माझा हात पिशवीत गेला. धोटा वरच होता. मी तो सरांच्या मनगटावर घातला. सगळा जीव एकवटून घातला. हाड वाजलं. सगळ्या खोलीने ऐकलं. सर खुर्चीसकट मागे पडले आणि केवढ्याने ओरडले. आदल्या दिवशी आत्या एवढी ओरडली नव्हती.

मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. कुणी म्हणेल शिकलेल्या बाईला शोभत नाही. नसेल शोभत. मला आतून गार वाटलं. सर पडले होते तिथे वाकून मी म्हटलं, "कामगाराला दुखतं की नाही, हे आता शिकवा वर्गात."

पोलीस चौकीत मला बाकावर बसवून ठेवलं. एका बाई हवालदाराने आल्या आल्या दोन मुस्काटात दिल्या, मास्तरला मारतेस म्हणून. गौतमी बाहेर आत्याजवळ रडत होती. मी म्हटलं, पोरीला पाजू द्या. साहेब आल्याशिवाय नाही, असं उत्तर आलं. छाती दगडासारखी झाली. पोरीचा आवाज आला की दूध आपोआप वाहायचं. ब्लाऊज, पदर, सगळं ओलं झालं. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून दूध पिळून चौकीच्या फरशीवर टाकलं. हवालदारीण बघत होती. तिने मान फिरवली.

मग बाहेर डबा वाजायला लागला.

आत्या चौकीच्या ओट्यावर बसली होती. धोटा पोलिसांनी जप्त केला होता, तर तिने रस्त्यावरचा दगड उचलला होता. पोचा पडलेला डबा आता थोडा वेगळा वाजत होता. गौतमीला तो चालला. तिचं रडणं कमी होत गेलं. आतून एक शिपाई ओरडला, "ए डोशी, बंध कर." आत्या थांबली नाही. तो बाहेर गेला. मी उठून उभी राहिले. पण तोवर ओट्यासमोर आमच्या वस्तीतली माणसं जमली होती. कारखान्यातून हात न धुता आलेली, कानात धाग्याचे तंतू अडकलेली माणसं. सुभाष त्यांच्यात पुढे होता. त्यानेच बोलावून आणलं होतं सगळ्यांना. शिपाई दारातूनच मागे फिरला.

वस्तीच्या कार्यकर्त्यांनी आमची तक्रार लिहून घ्यायला लावली. म्हातारीला लाथ मारली, पोर पाडलं, जातीवरून शिवी दिली. मग फौजदार आला आणि चौकीचा सूर बदलला. मला पोरीला पाजू दिलं. चहा मागवला. म्हणाला, दोन्ही बाजूंनी तक्रार मागे घ्या. ते घ्यायला तयार आहेत. तू पण घे. आणि त्या कॉलेजात परत पाऊल टाकायचं नाही, एवढं कबूल कर. गोष्ट संपली.

सगळे माझ्याकडे बघत होते. सुभाषची मान हो म्हणायला लागली होती. मी आत्याकडे बघितलं. ती कालच्यासारखं म्हणाली असती की घे मागे, तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ती फौजदाराला म्हणाली,

"आते कोनाच पाया पडनं नही."

फौजदाराला अहिराणी कळली नाही. मी त्याला गुजरातीत सांगितलं. आम्ही मागे घेत नाही. आणि कॉलेजात मी येणार.

त्याला आता वर्ष होत आलं. दोन्ही खटले चालू आहेत. मला त्या परीक्षेतून काढून टाकलं, सगळे पेपर बाद केले. शेठने मला आणि आत्याला कांड्यांवरून काढलं. आता आम्ही घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापतो. आत्याची बरगडी वाकडी जुळली. तिला डाव्या कुशीवर झोपता येत नाही. सरांचं मनगट बरं झालं, आणि ते अजून तिथेच आहेत, अजून तेच शिकवतात. सुभाष पुस्तकं आणून देतो. कुठून आणतो, सांगत नाही. त्या रात्रीबद्दल त्याला मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही, आणि त्याला ते ठाऊक आहे.

परवा नव्या परीक्षेसाठी कॉलेजात जाऊन आले. प्राचार्य तेच, मऊ बोलणारे. म्हणाले, वकिलाचं पत्र आलंय, बसू देतो. पण म्हातारीला आणि पोरीला आणू नकोस. शांतता लागते परीक्षेला.

मी ऐकून घेतलं. गौतमी आता धावते, तोंडाने खटखट असा आवाज काढत धावते. ओठावर व्रण आहे. शांततेत ती अजून झोपत नाही. ती सवय मी तिला लावणार नाही.

आत्या येणार. गौतमी येणार. पोचा पडलेला डबा येणार. त्याच व्हरांड्यात, त्याच जागी बसणार. आवाज नको असेल तर माणसासारखं येऊन सांगावं, आत्या डबा बाजूला ठेवेल. तेवढी रीत तिला आहे. पण पाय उचलून कुणी आलं, तर तो पाय परत जमिनीवर धड टेकणार नाही. ही जबाबदारी माझी. मी सगळे पेपर लिहीन, शेवटच्या ओळीपर्यंत लिहीन. जुना धोटा कोर्टात जमा आहे. सुभाषने कारखान्यातून दुसरा आणून दिलाय. तो या वेळी आत्याच्या पिशवीत नसेल. माझ्या बाकावर असेल, पेनाशेजारी.